कार्तिकातला आवळा, दुष्काळातली भाकर आणि आपल्या हिरड्या

तुळशीच्या लग्नात आपण वृंदावनात ऊस, चिंच, बोरं आणि आवळा ठेवतो. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायला बसायचीही रीत आहे, तिला आवळी भोजन म्हणतात. रीत देवाची, पण तिनं आवळा घरात आणला तो बरोबर वेळेला. त्या वेळेचं महत्त्व कळायला थोडं मागं जावं लागेल.

आपल्या नागापूरजवळून विळद, वांबोरीकडे रेल्वे जाते, तो दौंड-मनमाड मार्ग. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा दुष्काळी काम म्हणून हा मार्ग बांधायला घेतला आणि १८७८ मध्ये तो सुरू झाला. खडी फोडायला, माती वाहायला पुरुषांबरोबर बाया-पोरंही होती. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं तेव्हा मजुरी ठरवली ती दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्याची, आणि वर जेमतेम काही पैसे. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एवढंच! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं यावर आवाज उठवला. मद्रासचे सरकारी डॉक्टर कॉर्निश यांनी तर दीड पौंड धान्य आणि शिवाय डाळ, भाजीपाला द्यायला हवा असा आग्रह धरला.

भाजीपाल्याचा आग्रह कशासाठी? नुसत्या कोरड्या धान्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. ते दोन-तीन महिने पोटात गेलं नाही, की हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलायला लागतात, जुन्या जखमाही उघडतात. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. आपली शेळी हे जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करते, माणसाला ते जमत नाही. त्याला ते खावंच लागतं.

समुद्रावरच्या खलाशांना हा रोग फार व्हायचा. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरनं आजारी खलाशांना वेगवेगळे उपाय देऊन पाहिले. संत्री आणि लिंबू ज्यांना मिळालं ते लवकर उठून कामाला लागले. लिंबात नेमकं काय आहे ते कळायला पुढं पावणेदोनशे वर्षं गेली. ते शोधणारे सेंट-ज्योर्जी यांना १९३७ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९३९-४० च्या सुमारास, पंजाबच्या हिस्सार भागात दुष्काळ पडला आणि लोकांना स्कर्व्ही झाली. तिथं सुकवलेल्या आवळ्याची पूड वापरली गेली. संत्र्याच्या कित्येक पट 'क' जीवनसत्त्व आवळ्यात असतं. शिवाय आवळा सुकवला तरी ते बऱ्यापैकी टिकतं, इतर फळांत ते लवकर जातं.

शरदात आवळा एकटा येत नाही. राहात्याकडचे पेरू बाजारात येतात, त्यातही 'क' भरपूर. कॅल्शियमसाठी तीळ आहेत, नाचणी आहे, दूध-ताक आहे. शेतातली कोवळी पालेभाजी असते, ती दुष्काळात नसते. पेरू आणि भाजी ताजी असतानाच खावी.

आता याच जिल्ह्याची दुसरी गोष्ट. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे आले आणि ऊस वाढला. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. जिल्ह्याचा संसार त्यानं उभा केला, यात वाद नाही. पण साखर स्वस्त झाली, चहा तीनदा झाला, आणि लेकरांच्या हातात गोळ्या-बिस्किटं आली. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि त्यानं दात किडतो. ऊस सोलून चघळला की दात साफ होतात असं म्हणतात, पण रस म्हणजे साखरच. ऊस खा, मग चूळ भरा.

आणि मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून दाताला लावायची सवय आपल्यातल्या कित्येकींना सासरी लागते. दात घासायचं निमित्त असतं, लागते ती तलफ. मिश्रीनं हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि गरोदर बाईनं लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. आवळ्यानं मिश्रीचं नुकसान भरून निघत नाही, हे मी स्पष्टच सांगते.

हिरडीतून रक्त आलं म्हणजे स्कर्व्हीच, असंही समजू नका. आज बहुतेक वेळा दातांवर साठलेली घाण आणि कीटण हे कारण असतं. ते आवळ्यानं निघत नाही, दाताच्या डॉक्टरकडूनच काढून घ्यावं लागतं. घासताना रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका, मऊ ब्रश घ्या. आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर दवाखाना गाठा. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, तेव्हा आधीच दाखवलेलं बरं.

आवळा खायचा कसा, ते सांगून थांबते. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नका, आधी चूळ भरा, अर्ध्या तासानं घासा. मोरावळा चविष्ट, पण साखरेत बुडालेला, म्हणून थोडाच. किसून, चिमूटभर मीठ लावून सावलीत वाळवलेला आवळा बरणीत उन्हाळ्यापर्यंत टिकतो. बरणी कोरडी हवी आणि झाकण घट्ट.