प्रॉक्सीमार्फत यूडीपीची रवानगी
* ग्रंथकारांनी येथे प्रॉक्सीचा उल्लेख सरसकट केला असला, तरी ज्या मध्यस्थाला केवळ टीसीपीचा व्यवहार ठाऊक आहे, त्याच्या हातून खेळाचे वा थेट संभाषणाचे यूडीपी पॅकेट पलीकडे जात नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. जॉन पोस्टेल यांनी १९८० साली अवघ्या तीन पृष्ठांत वर्णिलेल्या यूडीपीत जोडणीची पूर्वतयारी नाही, पोचपावती नाही, आणि निरोपाचा संकेतही नाही. सबब व्यवहार केव्हा संपला हे मध्यस्थाने ओळखावे कसे, हाच खरा पेच होता. मार्च १९९६ च्या आरएफसी १९२८ ने, म्हणजे सॉक्स ५ च्या नियमावलीने, तो मोठ्या चातुर्याने सोडविला: ग्राहकाने प्रथम टीसीपी जोडणी करून ‘यूडीपी असोसिएट’ हा हुकूम द्यावा, मध्यस्थाने आपला पत्ता व पोर्ट मुक्रर करून कळवावे, आणि ती जोडणी जिवंत असेतोवरच यूडीपीची मुभा राहावी. पुढील प्रत्येक पॅकेटच्या माथी गंतव्याचा पत्ता असतो. आयपीव्ही४ साठी हे हेडर १० बाइटांचे भरते, त्यांत २ राखीव, १ तुकड्याच्या क्रमांकाचा, १ पत्त्याच्या प्रकाराचा, ४ पत्त्याचे व २ पोर्टचे. यूडीपी टीसीपीच्या पोटात घालून नेण्याचा मार्ग मात्र आम्हांस त्याज्य वाटतो, कारण तेथे एक पॅकेट गहाळ झाले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सारी खोळंबतात, आणि संभाषणात विलंबाने आलेला ध्वनी निरुपयोगीच ठरतो. एचटीटीपी प्रॉक्सींना यूडीपीचा प्रमाणित मार्ग ऑगस्ट २०२२ च्या आरएफसी ९२९८ ने खुला केला. — संपादक