पेरणीआधीचा प्रश्न

मृगाच्या दोन दमदार सरी आल्या की वऱ्हाडातला शेतकरी सरकी टोबून मोकळा होतो. मग कधी पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते, कोंब जळतात आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. आजवर जे झाले तेच पुढेही होईल, हे आपण कशाच्या जोरावर धरून चालतो? अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने नेमके हेच विचारले. उद्याचा दिवस कालच्यासारखाच असेल, हे अनुभवाने सिद्ध करायला जावे, तर जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरावे लागते. आपल्या भरवशामागे तर्क नाही, सवय आहे, असे तो म्हणाला. पुढे तत्त्वज्ञ कांटची झोप उडाली ती या ह्यूममुळे. वाचकानेही इथे दोन दिवस थांबावे, घाई करू नये.

ह्यूमचा हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला जे कळते ते कशाच्या आधारावर, याचा. बोंड फुटले, कापूस वेचला, जिनिंगमध्ये सरकी निघाली, रुईची गाठ बांधली. या सगळ्यात ‘तेच’ असे काय टिकले, असे विचारले की आपण सत्तामीमांसेत शिरतो. रोजच्या मराठीत सत्ता म्हणजे राज्य; इथे तिचा अर्थ फक्त ‘असणे’. वेचणाऱ्या बाईला किलोमागे किती मिळावे, ते न्याय्य कशाने ठरते, हे नीतिशास्त्राचे काम. तर्कशास्त्र मात्र या प्रत्येक शाखेत लागते. सौंदर्यशास्त्राला तत्त्वज्ञानाची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकात एकच प्रकरण देता आले, याची मला खंत आहे.

तत्त्वज्ञानाचा हा विचार वऱ्हाडाला उपरा नाही. गोपाळ गणेश आगरकर अकोल्यात शिकले, १८७५ साली तिथूनच मॅट्रिक झाले. पुढे पुण्यात मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांना घडवले; १८८८ साली त्यांचे ‘सुधारक’ पत्र निघाले. त्याच स्पेन्सरच्या आणि डार्विनच्या मतांचा प्रतिवाद अमरावती जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनी केला. ते तान्हेपणीच अंध झालेले. ग्रंथ दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. मला आगरकरांची बाजू जवळची वाटते. पण मत पटत नसताना ते पुरते ऐकून घेऊन मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देणारे महाराज मला या विषयाचे खरे विद्यार्थी वाटतात.

अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या दि. य. देशपांडे यांनी देकार्त आणि रसेल हे तत्त्वज्ञ मराठीत आणले. एप्रिल १९९० मध्ये त्यांनी नागपुरातून मासिक काढले, त्याचे नाव ‘आजचा सुधारक’. अवघड विचार सोप्या मराठीत, पण पातळ न करता कसा मांडावा, हे मी त्यांच्या लेखनातून शिकलो.

नव्या वाचकाने ग्रीकांपासूनच निघावे असा आग्रह नाही. आधी ह्यूमचे प्रकरण वाचा, मग मागे देकार्तकडे आणि पुढे कांटकडे जा. प्रत्येक प्रकरणानंतर एक पान कोरे ठेवले आहे. आपली हरकत तिथे पेन्सिलीने लिहा.