लोणारच्या चिखलातील बखर

राजांच्या बखरी पुष्कळ; पण पावसाची? बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराने ती तळाशी जपून ठेवली आहे. उल्कापाताने घडलेल्या या विवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. पावसाळ्यात काळ्या दगडाच्या उतारांवरची माती धुपून येते, थरावर थर साचतात. पाणी आटले की खारेपणा वाढतो आणि गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक गाळात उतरतात.

२००८ साली संशोधकांनी तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळ काढला. त्यात ११,००० वर्षांचा हिशेब निघाला. स्फटिक सापडले ते दोन काळांत : सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. पहिल्या अवर्षणाच्या अखेरीस सिंधूकाठची नगरेही ओस पडू लागली होती. एकट्या पावसाने ती बुडविली, असे म्हणणे धाडसाचे. पण वैभव कोणाच्या भरवशावर उभे असते, हे हा चिखल सांगतो.