रानपिंगळ्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण

खानदेशातील रानपिंगळा (शास्त्रीय नाव अथेने ब्लेविटी) शतकाहून अधिक काळ खात्रीने आढळला नव्हता आणि नामशेष मानला जात होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. त्याआधीची १९१४ ची नोंद पक्षिसंग्राहक रिचर्ड मायनर्ट्‌झहॅगनने चोरलेल्या नमुन्यावर बेतलेली, म्हणजे शुद्ध लबाडी, असल्याचे दरम्यान उघड झाले होते. पुनर्शोधानंतर रासमुसेन व फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याच्या आवाजांचे वर्णन प्रसिद्ध केले.

पिंपळनेरसारख्या (ता. साक्री, जि. धुळे) पांझराकाठच्या गावातील हौशी निरीक्षकाला आधी साधा पिंगळा ओळखता यायला हवा : त्याचा कर्कश, भांडखोर कलकलाट कुठे आणि रानपिंगळ्याची मऊ, शिटीसारखी हाक कुठे! रानपिंगळा दिवसाही वावरतो, त्यामुळे वेळेवरून ओळख पटत नाही. ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरतो, परंतु दाबून लहान केलेल्या फाइलीपेक्षा न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल बरी. तिच्यामुळे स्वनालेखात (आवाजाच्या आलेखात) बारकावे टिकतात. सुरुवातीला तारीख, वेळ व ठिकाण स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावे. झेनो-कँटो या मुक्त संग्रहातील नमुन्यांशी तुलना करता येते. मुद्रित हाक जंगलात वाजवणे मात्र टाळावे. ती ऐकून हद्द राखणारा पक्षी विणीच्या काळात घरटे सोडून धावून येतो.