टिंबक्टूचे कागद आणि बमाकोची दमट हवा

२०१२मध्ये उत्तर माली सशस्त्र जिहादी गटांच्या ताब्यात गेलं. तेव्हा अब्दुल कादिर हैदरा आणि त्यांच्या साथीदारांनी टिंबक्टूच्या कुतुबखान्यांतली हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरली आणि गाड्यांतून, नायजर नदीतल्या होड्यांतून राजधानी बमाकोला हलवली. जानेवारी २०१३मध्ये पळ काढताना त्या गटांनी अहमद बाबा संस्थेतली सुमारे चार हजार हस्तलिखितं जाळली. जाळणाऱ्यांची बातमी जगभर झाली. त्याहून कितीतरी पट अधिक वाचवणारेही मुसलमानच होते, हे मात्र कमी सांगितलं गेलं.

पण आगीतून सुटलेल्या कागदांपुढे बमाकोत दुसरं संकट उभं होतं, हवेचं. टिंबक्टू सहाराच्या काठावर. वर्षाला जेमतेम दोनशे मिलीमीटर पाऊस. तिथल्या जाड मातीच्या भिंतींतून दुपारची उष्णता आत झिरपेपर्यंत रात्र होते. फिकह, खगोल, वैद्यक, व्यापारी करार असं सगळं त्या घरांत शतकानुशतकं टिकलं. वाळवी लागली, पानं ठिसूळ झाली, पण बुरशीचं भय कमी. बमाकोत मात्र जून ते ऑक्टोबर चांगला पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांवर राहिली की कागदावर बुरशी धरते. म्हणून तिथं हवेतलं पाणी ओढणारी यंत्रं लावावी लागली.

यंत्राला वीज लागते. २०२४च्या रमजानमध्ये मालीत उष्णतेची भीषण लाट आली. एप्रिलच्या सुरुवातीला कायस शहरात पारा ४८.५ अंशांवर गेला आणि बमाकोत तासन्‌तास वीज नव्हती. काही वस्त्यांत बर्फ पावापेक्षा महाग झाला. माणसांचे असे हाल, तिथं कागदांचं काय!

यंत्रावर कमी विसंबून अभिलेखागार चालतं का? जर्मनीत कोलोन शहराने १९७१मध्ये तसं बांधलं होतं. विटांच्या जाड भिंती, आतून ओल शोषणारा चुन्याचा गिलावा, हवा खेळती ठेवणाऱ्या अरुंद खिडक्या. ती इमारत २००९मध्ये कोसळली, पण शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खोदकामामुळे. पद्धतीत खोट नव्हती. ती पुढे इतरत्रही वापरली गेली. आता ब्रिटनमधले जाणकारही आकडा वर्षभर एका जागी खिळवून ठेवण्याचा आग्रह धरत नाहीत. ऋतूप्रमाणे सावकाश झालेला बदल कागद सोसतो. झटके सोसत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये अहमद बाबा संस्थेच्या दोनशेहून अधिक पेट्या टिंबक्टूला परत गेल्या. बमाकोतली ओल हे त्यामागचं एक कारण होतं. तिकडची अशांतता संपलेली नाही, तरीही.

आपल्याकडे किती मशिदी-दर्ग्यांच्या सनदा, काझी घराण्यांचे फारसी-मोडी कागद लोखंडी कपाटात पडून आहेत! जमिनीच्या दाव्यात उद्या तेच लागणार. कोकणात तर पावसाळाभर भिंतींना ओल असते. अशा खोलीत दिवसा एसी लावून रात्री बंद करणं सर्वांत वाईट, कारण थंडावलेल्या कागदावर आणि पत्र्यावर बाहेरची दमट हवा येऊन पाणी धरतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खाली ठोकळे द्या, कागद प्लास्टिकऐवजी धुतलेल्या सुती कापडात बांधा. कुरआनशरीफच्या जुजदानाला जे कापड वापरतो, तसलंच.