बोटांची रूढि

रूढि टिकून राहते, परंतु तिचें कारण केव्हांच लोपलेलें असतें. समाजाच्या इतिहासांतील हा नेहमींचा अनुभव संगणकाच्या कळफलकावरहि येतो. एका लेखन-संपादकांत मुरलेला मनुष्य दुसऱ्या आज्ञावलींत गेला कीं त्याचीं बोटें अडखळतात. ‘कंट्रोल’सह ‘डब्ल्यू’ दाबल्यास ईमॅक्समध्यें निवडलेला मजकूर कापला जातो. ब्राउझरमध्यें तेंच केल्यास समोरचें पानच मिटतें, आणि त्यांत लिहीत असलेलें पत्रहि प्रसंगीं नाहींसें होतें. हा भेद केवळ लहरीनें पडलेला नाहीं.

१९७६ सालीं बर्कले येथें बिल जॉय ह्यांनीं ‘व्हीआय’ संपादकाचें काम हातीं घेतलें. त्यांच्यापुढील एडीएम-३ए टर्मिनलला बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. ‘एच, जे, के, एल’ ह्या अक्षरांवरच बाण छापलेले होते. तेव्हां कर्सर हालविण्याचें काम त्याच चार कळांकडे आलें. तें टर्मिनल अडगळींत गेलें. कळांचें काम मात्र आजहि तेंच आहे.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत लॅरी टेस्लर व टिम मॉट ह्यांनीं त्याच दशकांत ‘जिप्सी’ संपादक रचून कापणें, नकलणें व चिकटविणें ह्या क्रियांस वळण लाविलें. पुढें ॲपलच्या लिसा यंत्रावर, १९८३ सालीं, ‘झेड, एक्स, सी, व्ही’ ह्या शेजारच्या चार कळा रूढ झाल्या; उजवा हात माउसवर असतां डाव्या हातास त्या सहज सांपडत. ॲपलनें त्यांच्या जोडीस स्वतंत्र कळ दिली होती. विंडोजनें मात्र पुढें ‘कंट्रोल’ घेतली, आणि जुन्या टर्मिनलच्या रीतीशीं तिचा खटका उडाला. टर्मिनलमध्यें ‘कंट्रोल-सी’ म्हणजे चालू काम थांबविण्याची आज्ञा! म्हणूनच लिनक्सच्या अनेक टर्मिनलांत नकलण्यासाठीं ‘शिफ्ट’हि दाबावी लागते. आयबीएमनें १९८७ सालीं सर्वांस एक नियम घालून पाहिला. त्यांत चिकटविण्यास ‘शिफ्ट-इन्सर्ट’ होती. तीहि कांहीं ठिकाणीं अद्याप चालते, परंतु एकी झाली नाहीं.

ह्यांपैकीं कोणती रीत श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ होय. प्रत्येक रीत आपापल्या यंत्राच्या गरजेंतून निघाली आहे. परंतु हाताला लागलेलें वळण ही वापरणाऱ्याची अनेक वर्षांची कमाई असते. केवळ नावीन्याच्या हौसेनें कळांचे अर्थ बदलणारा रचनाकार ती कमाई बुडवितो. कळा आपल्या सोयीप्रमाणें बदलून घेण्याची मुभा देणारा तिचा मान राखतो. नव्या आज्ञावलीची परीक्षा करतांना ही गोष्ट अवश्य पाहावी.