हवामान प्रारूपे, पारंपरिक
वातावरण व महासागर यांचे व्यवहार भौतिकीच्या समीकरणांनी संगणकावर मांडणारी प्रारूपे. कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे 2° से. वाढेल, हे स्यूकुरो मानाबे व रिचर्ड वेदरल्ड यांनी 1967 मध्ये अशाच, पण अगदी साध्या प्रारूपावरून दाखवले. आजही या प्रारूपांत पृथ्वी ज्या जाळीत विभागली जाते, तिचा एकेक चौकोन बहुधा 100 किमी.च्या आसपास असतो. त्यात महाबळेश्वरचा धो-धो पाऊस आणि पलीकडचा कोरडा माण तालुका एकत्रच मोजले जातात. ढग तर अंदाजी सूत्रांनीच बसवावे लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे दहा दिवसांचा अंदाज काही मिनिटांत देतात खरी, मात्र ती घडून गेलेल्या हवामानावर पोसलेली. अधिक तापलेल्या पृथ्वीसाठी केवळ त्यांच्यावर विसंबणे धाडसाचेच. गूगलच्या न्यूरलजीसीएम या मिश्र प्रारूपात (2024) हवेची गती समीकरणांनी, तर ढगांसारख्या सूक्ष्म प्रक्रिया यंत्रशिक्षणाने सोडवल्या जातात.